जग संपल्यानंतरचे गद्य : 'बनगरवाडी'च्या शेवटाचे एक वाचन

मराठीत प्रलयोत्तर कथात्म साहित्याची परंपरा नाही, असे सर्रास म्हटले जाते. विज्ञानकथेपुरते ते बरेचसे खरे आहे. जयंत नारळीकरांच्या 'हिमप्रलय' या कथेत मुंबईवर बर्फ पडते. परंतु तेथील प्रश्न मानवजात टिकेल काय, हा आहे. साहजिकच निवेदन वृत्तांताच्या वळणाने जाते. 'मानवजात', 'मानवता' आणि 'माणुसकी' हे शब्द एकमेकांचे पर्याय नव्हेत. पहिला गणनेचा, दुसरा तत्त्वाचा, तिसरा मात्र कृतीचा. माणुसकी कोणीतरी कोणाला तरी दाखवावी लागते. यांपैकी कशाचा शोध चालला आहे, यावर गद्याची घडण अवलंबून असते.

या दृष्टीने व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'कडे (१९५५) पुन्हा पाहावयास हवे. ग्रामीण वा प्रादेशिक कादंबरी या शिक्क्याखाली तिचे अध्यापन होते आणि दुष्काळ हा कथानकाचा शेवट म्हणून उरकला जातो. वस्तुतः माणदेशातील त्या धनगरवस्तीपुरते तेथे जगच संपते. पाऊस नाही, मेंढरे मरतात, माणसे जगायला बाहेर पडतात, शाळेत पोरे उरत नाहीत. साऱ्या वाडीने राबून उभारलेली तालीम तेवढी मागे राहते.

एवढी वाताहत सांगताना मास्तराचे निवेदन आवाज चढवीत नाही. छोटी वाक्ये, मोजकी विशेषणे, सारा भार क्रियापदावर. ही तयारी आधीपासूनची आहे. बैल नाही म्हणून शेकूची बायको स्वतः जू खांद्यावर घेते, तो प्रसंग आठवावा. निवेदक त्यावर भाष्य करीत नाही. केले असते तर ती बाई दयेचा विषय झाली असती. या संयमाला अलिप्तता म्हणणे हा समीक्षेचा आळस आहे.

कॉर्मॅक मॅकार्थी यांच्या 'द रोड' (२००६) या कादंबरीशी तुलना केल्यास फरक स्पष्ट होतो. तेथे संवादांना अवतरणचिन्हे नाहीत, बापलेकांना नावे नाहीत, विनाशाचे कारणही सांगितलेले नाही. जगातल्या वस्तूंबरोबर वाक्याचा सरंजामही गळून पडला आहे. वाटेत भेटलेल्या परक्याला मदत करावी, या मुलाच्या हट्टातून माणुसकीचा प्रश्न उभा राहतो. म्हणजे दोघे उरले तरी ती शक्य आहे. माडगूळकरांची भाषा मितव्ययी असली तरी उजाड नाही. माणसांची नावे आणि संवादांतील बोली अखेरपर्यंत शाबूत राहतात. येथे वाडी हेच एकक आहे. ती पांगली की माणुसकी दाखवायला समोर कोणी राहत नाही.

एक मर्यादा मात्र नोंदवावी लागते. मास्तर हा बाहेरून आलेला नोकरदार आहे. वाडी उठली तरी त्याला जायला ठिकाण आहे. हे गद्य वाचलेल्याचे आहे, उठून गेलेल्यांचे नव्हे. तोच शेवट एखाद्या धनगराच्या तोंडून, त्याच्या बोलीत आला असता तर वाक्ये इतकी स्थिर राहिली असती काय, हा प्रश्न कादंबरी उघडाच ठेवते.