कडी न लावलेलं दार

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला त्याला सात वर्षं झाली. त्याच्या आदल्या वर्षी मी इगतपुरीला धम्मगिरीवर पहिलं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलं होतं. साधना आणि आजारपण, दोन्ही आमच्या घरात जवळजवळ एकदमच राहायला आली. मी नाशिकला बँकेत नोकरी करते. घरी नवरा, मुलगा आणि पलंगावर आई, म्हणजे सासूबाई.

शिबिराहून परतलेल्या बायका विहारात मला विचारतात, ताई, तिथे जमतं, घरी कसं जमवायचं? हाच प्रश्न दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाने बुद्धांना विचारला होता. आम्ही बायकामुलांत राहणारी, चंदन-फुलं वापरणारी, पैसाअडका हाताळणारी माणसं, आम्हाला झेपेल ते सांगा, असं तो म्हणाला. बुद्धांनी सुरुवात ध्यानापासून केली नाही. आधी उद्योग, मग कमावलेलं जपणं, चांगली सोबत आणि जमाखर्चाचा मेळ. श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा त्यानंतर आली. हा क्रम मला फार दिलासा देतो. तरी माझ्या हातून चुका व्हायच्या त्या झाल्याच.

१. दाराला आतून कडी लावायची नाही

धम्मगिरीवर पहाटे चारला घंटा होते. साडेचारला बसायचं, साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, रात्री साडेनऊला दिवे बंद. फोन जमा, वही-पेन जमा, बोलणं बंद. चौथ्या दिवशी विपश्यना देतात आणि पुढे तासभर न हलता बसायच्या अधिष्ठानाच्या बैठका सुरू होतात. निघताना सांगतात, घरी सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास.

मी ते तंतोतंत पाळलं. पहाटे पाच ते सहा, मागची खोली, आतून कडी. आई अंथरुणाला खिळल्या तरी वेळ बदलली नाही. एका सकाळी सहाला बाहेर आले, मन अगदी निवळलेलं. आईंच्या खोलीत गेले तर चादर ओली. पाचच्या आधीपासून त्या तशाच पडून होत्या. हाक का नाही मारली, विचारलं. तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते, तरी म्हणाल्या, "तुझी कडी वाजली. म्हटलं, बसलीय."

माकडहाडापाशी त्यांची कातडी आधीच नाजूक झाली होती. तिथे जखम झाली. भरायला चार महिने लागले.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. बुद्ध आणि आनंद तिथे येतात. आनंद पाणी आणतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर निजवतात. मग बुद्ध इतरांना विचारतात, याच्याकडे कोणी का पाहिलं नाही? उत्तर मिळतं, तो आमच्या काही उपयोगी पडत नाही. तेव्हा ते सांगतात, ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची करावी. हा प्रसंग मी किती वेळा ऐकला असेल. त्या सकाळी चादर बदलताना पहिल्यांदाच मनात आलं, बाकीचे भिक्खू त्या वेळी कदाचित ध्यानातच बसले असतील.

२. ‘सेवा हीच साधना’ म्हणून बसणं सोडायचं नाही

जखमेनंतर मी दुसऱ्या टोकाला गेले. आसन गुंडाळून कपाटावर टाकलं. आईंचं करणं हीच माझी साधना, असं सांगू लागले. लोक कौतुक करत, ते गोडही लागे.

दोन वर्षांत माझा आवाज चढला. ताट ठेवताना आपटायला लागले. एकदा कूस बदलताना त्यांचा अधू हात मी हिसक्याने ओढला आणि त्या कळवळल्या. सेवा मी करतच होते, एकही औषध चुकलं नव्हतं. पण मनात काय साचतंय हे बघायची जागाच उरली नव्हती.

त्या वर्षीच्या वर्षावासात भन्तेजींनी मज्झिमनिकायातल्या घटिकाराची गोष्ट सांगितली. काश्यप बुद्धांच्या काळातला हा कुंभार. मित्राला आग्रहाने बुद्धांकडे घेऊन जातो. उपदेश ऐकल्यावर मित्र त्याला विचारतो, तू का घर सोडत नाहीस? घटिकार म्हणतो, माझे आईवडील म्हातारे आहेत, आंधळे आहेत, त्यांना मी सांभाळतो हे तुला ठाऊक नाही का? मित्र भिक्खू झाला, घटिकार घरीच राहिला. शीलात काटेकोर, उकरलेली माती वापरायचा नाही, ढासळलेल्या काठाची किंवा उंदरांनी काढलेली आणायचा. एकदा तो बाहेर गेलेला असताना काश्यप बुद्ध आले. आंधळ्या आईवडिलांनी सांगितलं, हंडीतला भात घ्या, कालवण घ्या, आणि ते जेवून गेले. परत आल्यावर घटिकाराला केवढा आनंद झाला! राजाचा पाहुणचार असूनही बुद्धांना या घराचा भरवसा जास्त होता. ग्रंथ त्याला अनागामी म्हणतो, म्हणजे फार वरच्या पायरीवर पोहोचलेला.

मी घटिकाराचं अर्धंच घेतलं होतं. आईवडील घेतले आणि त्याचं जागरूक मन सोडून दिलं.

३. आपला तास कोणाच्या अंगावर पडतो ते पाहायचं

नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर आम्ही अनेकदा जातो. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, १,००० दुसरीकडे पाऊण टक्क्याने. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. मी बँकेतली, मला हिशोब केल्याशिवाय राहवेना. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्खू गुणिले बारा, २४०. एक नाणंही मागेपुढे नाही. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी मागावरचा धोटा चालत होता, म्हणून वर लेण्यात कुणीतरी शांत बसू शकत होतं.

आमच्याकडे तो धोटा एका मावशींच्या हातात होता. आईंना सांभाळायला त्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा येत. मी पुन्हा बसायला लागले, रविवारच्या वंदनेला, एक दिवसाच्या शिबिरांना जायला लागले, तेव्हा मावशींची रविवारची सुट्टी आपोआप गेली. पैसे जास्तीचे देत होते, म्हणून टोचलं नाही. त्यांची नात चालायला लागली ते त्यांना सुनेच्या फोनवरून कळलं. मावशींनीच सहज सांगितलं, तक्रार म्हणून नाही.

सिगालोवाद सुत्तात राजगृहाचा तरुण सिगाल ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करत असतो. बुद्ध त्याला दिशांचा अर्थ सांगतात. खालची दिशा म्हणजे आपल्याकडे काम करणारी माणसं. त्यांना झेपेल एवढं काम, अन्न आणि वेतन, आजारात शुश्रूषा, घरातल्या गोडाधोडात वाटा आणि वेळेवर सुट्टी. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गृहस्थ, मुलं, पती-पत्नी, मालक-नोकर यांचे विनय वेगळे दिले आहेत. दर वर्षावासात विहारात वाचन होतं, मी स्वतः वाचलेलं आहे. घरी आल्यावर मावशींचा विचार मनात आला नव्हता. आता रविवार मावशींचा आहे. माझी शिबिरं वर्षाला एकावर आली, आणि ते मला मान्य आहे.

४. घरातल्या पुरुषांना पाळी लावायची

त्याच सुत्तात नवऱ्याचीही पाच कर्तव्यं आहेत. मान देणं, अपमान न करणं, एकनिष्ठ राहणं, घरातला अधिकार तिच्या हाती सोपवणं, दागिने देणं. मी यांना पाचातलं एकच मागितलं, पहाटेचा अधिकार. मुलगा युरिन बॅग बदलायला शिकला. पहिल्यांदा त्याचे हात थरथरले. आजीने डोळे मिटून घेतले, त्याला संकोच वाटू नये म्हणून.

५. तास मोडला तर मोडू द्यायचा

हल्ली साडेतीनला उठते, आईंची कूस बदलते, पाठीला पावडर लावते. चार ते पाच बसते. दार नुसतं लोटलेलं. हाक आली की उठते, परत येऊन जिथे सोडलं तिथून धरते. कधी चाळीस मिनिटं होतात, कधी दहा. उठताना आधी चीड यायची, ती अजूनही येते. पण आता पलंगापर्यंत पोहोचायच्या आत ती मला दिसलेली असते.

परवा आईंनी हात धरून ठेवला, सोडेनात. मी तिथेच खुर्ची ओढून डोळे मिटले. त्यांचा श्वास माझ्यापेक्षा लहान होता, मधेच अडखळत होता.

येत्या आश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो. मावशींना विहारात पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसायचंय. त्या दिवशी घरची पाळी माझी.