अतिलहान कुत्रा : निवड, निगा व आरोग्य

भिवंडी तालुक्यातील मानकोली हे गाव मुंबई-नाशिक महामार्गालगत वसलेले आहे. भातशेतीच्या या टापूत आता गोदामांचा विस्तार झाला असून मुंबई-ठाण्याशी गावाचे दळणवळण रोजचे झाले आहे. घराची व खळ्याची राखण करणारा गावठी कुत्रा अशा गावांना नवा नाही. परंतु शहराच्या सान्निध्यामुळे पॉमेरेनियन, चिवावा, शिह् त्झू यांसारखे मांडीवर मावणारे कुत्रे पाळण्याची हौसही गावांपर्यंत पोहोचत आहे. हौस वाईट नाही. मात्र ज्या रीतीने गावठी कुत्रा वाढतो त्या रीतीने दोन किलोचे जनावर वाढत नाही, हे ध्यानी न घेतल्यास पिल्लू हकनाक दगावते आणि घरच्या मुलांना दुःख होते ते वेगळेच. म्हणून निवड करण्यापूर्वीच पुढील गोष्टी जाणून घेणे हितावह होय.

लहानपणा आला कोठून ?

पॉमेरेनियन हा मुळात एवढा लहान नव्हता. सन १८८८ मध्ये इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरिया यांनी इटलीतील फ्लॉरेन्स येथून मार्को नावाचा सुमारे साडेपाच किलो वजनाचा कुत्रा नेला. त्या काळच्या मानाने तो लहान होता. राणीच्या आवडीमुळे लहान चणीची मागणी वाढली आणि पिढ्यान्‌पिढ्या लहानातील लहान नर-मादी निवडून या जातीचे वजन आज सुमारे दीड ते सव्वातीन किलोंवर आले. आपल्याकडे ‘पॉम’ म्हणून ओळखला जाणारा पांढरा कुत्रा पुष्कळदा इंडियन स्पिट्झ असतो. तो थोडा मोठा असून आपल्या हवेला अधिक सरावलेला आहे.

बाजारात ‘टीकप’ म्हणजे चहाच्या कपात मावणारा कुत्रा म्हणून जो विकला जातो, ती कोणतीही मान्य जात नव्हे. वेतातील सर्वांत दुबळ्या पिल्लांची आपसात पैदास करून, पिल्लांना अर्धपोटी ठेवून किंवा वय कमी असताना विकून हा लहानपणा दाखविला जातो. म्हणजे ग्राहक ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजतो तो बहुधा गुण नसून अशक्तपणा असतो.

लहान देहाचे गणित

लहान देहात चुकीला जागा कमी असते. हे एका हिशोबाने स्पष्ट होईल. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी दोन किलोच्या कुत्र्यास दिली, तर वजनाच्या प्रमाणात ती साठ किलोच्या माणसाने एकाच वेळी तीस गोळ्या गिळल्यासारखी होते. एवढ्याने यकृत निकामी होऊन कुत्रा मरू शकतो. तेव्हा माणसाचे कोणतेही औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

अन्नाचेही तसेच आहे. दर किलो वजनामागे दोन किलोच्या कुत्र्यास दहा किलोच्या कुत्र्यापेक्षा सुमारे दीडपट उष्मांक लागतात. पण पोट लहान आणि शरीरातील साठा थोडा. त्यामुळे तीन-चार महिन्यांच्या आतील पिल्लू काही तास उपाशी राहिले, प्रवासात दमले किंवा गारठले, तरी रक्तातील साखर उतरते. पिल्लू मलूल होते, झोकांड्या खाते, थरथरते व शेवटी त्याला झटके येतात. अशा वेळी ग्लुकोजचे किंवा गुळाचे दाट पाणी बोटाने हिरड्यांना चोळावे, पिल्लास उबेत ठेवावे आणि तत्काळ दवाखान्यात न्यावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी ओतू नये. ते फुप्फुसात जाते. हा प्रसंग टाळण्यासाठी पिल्लास दिवसातून चार वेळा थोडे थोडे खाऊ घालावे.

निवड करताना

आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू घेऊ नये. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियमाखाली सन २०१७ मध्ये झालेल्या श्वान प्रजनन व विपणनविषयक नियमांनुसार इतके लहान पिल्लू विकण्यास मनाई आहे. शक्य तर पिल्लाची आई पाहावी. आई निरोगी व शांत असेल तर पिल्लाविषयी भरवसा धरता येतो. वेतातील सर्वांत लहान पिल्लू न निवडता खेळकर व भरलेले पिल्लू निवडावे. त्यानंतर पुढीलप्रमाणे तपासणी करावी.

(१) टाळू : डोक्याच्या मध्यभागी बोट अलगद फिरवावे. चिवावा जातीत लहानशी मऊ जागा राहू शकते. परंतु मोठी फट, घुमटासारखे फुगलेले डोके व बाहेरच्या बाजूस वळलेले डोळे ही मेंदूत पाणी साठल्याची लक्षणे असू शकतात.

(२) पाय : पिल्लू चालवून पाहावे. चालता चालता मागचा पाय क्षणभर उचलून पुन्हा टेकणे हे गुडघ्याची वाटी सरकत असल्याचे लक्षण होय. लहान जातींत हा दोष फार आढळतो.

(३) श्वास : नाकपुड्या रुंद असाव्यात. सन २००३ मध्ये एका भ्रमणध्वनी कंपनीच्या जाहिरातीत झळकल्यापासून पग हा चपट्या नाकाचा कुत्रा आपल्या देशात लोकप्रिय झाला. परंतु कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. चपट्या नाकाच्या कुत्र्यास ते नीट साधत नाही, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत तर त्याहून कठीण जाते. नेदरलँड्स देशाने अतिशय आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर निर्बंध घातले आहेत, ते याच कारणास्तव.

(४) दात : दुधाचे दात न पडता त्यांच्या शेजारी पक्के दात आले, तर फटीत अन्न कुजून हिरड्या सडतात. सहा-सात महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यकाकडून तोंड तपासून घ्यावे.

रोजची निगा

लहान कुत्र्याच्या पुढच्या पायांची हाडे काडीसारखी असतात. खाटेवरून किंवा मुलाच्या हातातून पडले तरी ती मोडतात. लहान मुलांनी पिल्लू जमिनीवर बसूनच हाताळावे. गळ्यास पट्टा बांधून ओढू नये. या जातींत श्वासनलिका आतून दबण्याचा विकार असतो व बदकासारखा घोगरा खोकला हे त्याचे चिन्ह होय. यासाठी छातीभोवती बांधावयाचा पट्टा वापरावा. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका व चॉकलेट देऊ नये. लाडाने फार खाऊ घालून वजनही वाढू देऊ नये, कारण गुडघा, श्वास व हृदय या तिन्हींवर त्याचा भार पडतो.

उन्हाळ्यात दुपारी पत्र्याखाली किंवा बंद गाडीत कुत्रा ठेवू नये. कुत्र्याच्या शरीराचे तापमान सामान्यतः १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. उष्माघात झाल्यास अंगावर साधे गार पाणी घालून वारा घालावा व दवाखाना गाठावा.

पावसाळा, उंदीर व गोदामे

भाताची खाचरे, तुंबलेले पाणी आणि धान्य-मालाची गोदामे जेथे आहेत तेथे उंदीर आलेच. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत या रोगाची साथ आली होती. तो कुत्र्यास होतो आणि कुत्र्याच्या मूत्रातून माणसासही होऊ शकतो. म्हणून कुत्र्यास डबक्यातील पाणी पिऊ देऊ नये, या रोगाची लस द्यावी व त्याचे मूत्र साफ केल्यावर हात साबणाने धुवावेत.

उंदरांसाठी ठेवलेले विष हे दुसरे संकट होय. बऱ्याच विषांचा परिणाम लगेच दिसत नाही. तीन ते पाच दिवसांनी हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, कुत्रा फिकट पडतो व धापा टाकतो. विष खाल्ल्याची शंका येताच, लक्षणांची वाट न पाहता, विषाचे वेष्टन घेऊन दवाखान्यात जावे. वेळीच उपचार झाल्यास जीवनसत्त्व ‘के’ देऊन प्राण वाचविता येतात.

गोचिडांमुळे रक्ताचे रोग होतात आणि लहान देहातील थोडे रक्त लवकर ओसरते. पावसाळ्यात कान, बोटांच्या बेचक्या व मान रोज तपासावी. गुरांसाठी आणलेले गोचीडनाशक अंदाजाने वापरू नये.

लसटोचणी व पैदास

डिस्टेंपर व पार्व्हो या रोगांविरुद्धची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळा आठवड्यांपर्यंत ठरावीक अंतराने टोचावी. तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस द्यावी व पुढे पशुवैद्यकाच्या सांगण्यानुसार ती चालू ठेवावी. लहान कुत्र्याचा चावा लहान म्हणून निर्धोक मानणे ही घातक समजूत आहे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी सहसा वाचत नाही. कोणताही कुत्रा चावल्यास किंवा त्याने ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हळद, चुना किंवा तिखट लावू नये.

अतिलहान कुत्रीची पैदास घरी करू नये. पिल्लांची डोकी मोठी व वाट अरुंद असल्याने ती पुष्कळदा अडते व शस्त्रक्रिया करावी लागते. गावातील मोठ्या कुत्र्याशी संबंध आल्यास धोका आणखी वाढतो. सुमारे नऊ आठवड्यांनी कळा सुरू होतात. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू बाहेर न आल्यास उशीर करू नये. पैदास करावयाची नसल्यास कुत्रीवर योग्य वयात संततिनियमनाची शस्त्रक्रिया करून घ्यावी.

ग्रामसेवकांसाठी

नवे पिल्लू आलेल्या घरी ग्रामसेवकांनी तीन गोष्टी विचाराव्यात : पिल्लाचे वय किती, कोणती लस केव्हा टोचली आणि जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना कोठे आहे हे घरातील सर्वांस ठाऊक आहे काय. गुंतागुंतीच्या आजारात पशुवैद्यकाने सांगितल्यास मुंबईत परळ येथे सन १८८६ मध्ये स्थापन झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनावर नेता येते. ज्या घरी दिवसभर कोणी नसते तेथे अतिलहान कुत्रा न घेण्याचा सल्ला द्यावा. अशा घरास निरोगी गावठी पिल्लू अधिक मानवेल; लस व पोटभर अन्न मिळाले तर तेही तितकीच माया लावते. ज्यांना लहान कुत्राच हवा असेल त्यांनी तो सर्वांत लहान न पाहता सर्वांत सुदृढ पाहून घ्यावा. ग्राहकाने दुबळ्या पिल्लाला जास्त मोल देणे थांबविले, तर दुबळी पिल्ले मुद्दाम निपजविण्याचा धंदाही आपोआप ओसरेल.