संकेतस्थळातील दोष : शोध आणि दुरुस्ती

लखनऊ छावनीतील सदर बाजारात चिकनकारीचे कपडे विकणाऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने स्वतःचे संकेतस्थळ सुरू केले आहे, असे समजू या. छावनीत लष्कराच्या सेंट्रल कमांडचे मुख्यालय असल्याने गिऱ्हाइकांत सैनिकी कुटुंबे पुष्कळ, आणि त्यांच्या बदल्याही वारंवार होतात. गाव सुटले तरी कुडत्यांची आवड सुटत नाही. म्हणून मागणी संकेतस्थळावरून येईल, अशी व्यापाऱ्याची रास्त अपेक्षा असते. प्रत्यक्षात भेट देणारे अनेक आणि खरेदी करणारे थोडे, असे आढळल्यास दोष मालात शोधण्यापूर्वी संकेतस्थळात शोधावा.

ही तपासणी दुकानातील संगणकावर करू नये. त्यावर पानाची जुनी प्रत साठवलेली असते व सर्व काही सुरळीत दिसते. परक्या भ्रमणध्वनीवरून, मोबाइलच्या जोडणीवर, शेवटच्या पायरीपर्यंत एक खरी खरेदी करून पाहावी.

पहिली अडचण बहुधा पत्त्याच्या रकान्यात सापडते. टपाल खात्यातील अधिकारी व संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. सहा अंकांपैकी पहिला अंक विभाग दर्शवितो. उत्तर प्रदेश २ मध्ये येतो, महाराष्ट्र ४ मध्ये. ९ हा अंक सैनिकी टपाल सेवेसाठी राखलेला आहे. छावनीचा पिनकोड २२६००२ असल्याने तो सहज स्वीकारला जातो. परंतु तेथून सीमेवर बदली झालेला अधिकारी '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' असा पत्ता व ९ ने आरंभ होणारा पिनकोड लिहितो, आणि पिनकोडवरून राज्य ठरविणाऱ्या यादीत ९ नसेल, तर 'पिनकोड चुकीचा आहे' असे उत्तर मिळते. चूक यादीची, आणि बोल मात्र ग्राहकाला! यादीत ९ चा समावेश करावा व अशा मागणीस राज्याचा रकाना सक्तीचा ठेवू नये. हा माल भारतीय टपालानेच पाठवावा. खासगी कुरियर तेथवर सहसा जात नाहीत.

असाच प्रकार देवनागरी अंकांचा. मराठी कळफलकावरून टाकलेला '२' संगणकाच्या लेखी रोमन अंकाहून वेगळे चिन्ह असतो. तपासणीपूर्वी अंकांचे रूपांतर करणारी एखादी ओळ आज्ञावलीत घातली की काम भागते.

'४०४' ही सूचना म्हणजे मागितलेले पान जागेवर नाही. जुना नमुना संपला म्हणून पान पुसून टाकले, तरी त्याचे दुवे इतरत्र राहतात. असे पान कायमस्वरूपी वळवणुकीने, म्हणजे '३०१' ने, नव्या पानाशी जोडावे. 'गूगल सर्च कन्सोल' या विनामूल्य सेवेत हरवलेल्या पानांची यादी मिळते. '५००' चा दोष मात्र सर्व्हरच्या नोंदवहीत पाहावा लागतो. ते काम जाणकाराचे.

सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत टळली की ब्राउझर धोक्याची सूचना देतो आणि ग्राहक परत फिरतो. १५ मार्च २०२६ पासून नव्या प्रमाणपत्राची कमाल मुदत २०० दिवस ठरली आहे. १५ मार्च २०२९ पासून ती ४७ दिवस असेल. नूतनीकरण स्वयंचलितच हवे.

सर्वाधिक मनस्ताप देणारा दोष देयकाचा. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली, पण मागणी नोंदली गेली नाही. पैसे भरल्यावर ग्राहक दुकानाच्या पानावर परतला तरच नोंद व्हावी, अशी रचना केल्याने हे घडते. मध्येच जोडणी तुटली की नोंद राहते. म्हणून पेमेंट गेटवेकडून थेट सर्व्हरला येणाऱ्या संदेशावरूनच मागणी पक्की करावी. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, व्यापाऱ्याच्या प्रणालीस पुष्टी न पोहोचलेला यूपीआय अथवा ऑनलाइन कार्ड व्यवहार ५ दिवसांत आपोआप उलटविला गेला पाहिजे. त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई आहे. मात्र रक्कम व्यापाऱ्याच्या खात्यात जमा झाली असेल, तर ती परत करणे किंवा माल पाठविणे हे व्यापाऱ्याचेच काम. त्यासाठी रोज सायंकाळी मागण्यांची यादी, गेटवेचा अहवाल व बँक खात्याचा उतारा समोरासमोर ठेवून ताळा घ्यावा. एकाच ग्राहकाची एकाच रकमेची दोन देयके दिसल्यास त्याला त्याच दिवशी दूरध्वनी करावा.