पोहताना श्वास सोडायला शिका

परीक्षा आटोपल्या, उन्हाळा तापू लागला की गावातला जलतरण तलाव गजबजतो आणि त्याच्या पाठोपाठ माझा दवाखानाही. कुणाचा कान दुखतो, कुणाचे डोळे चुरचुरतात. गेल्या उन्हाळ्यात मात्र बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ वेगळीच तक्रार घेऊन आले.

"डॉक्टर, रोज सकाळी चार किलोमीटर चालतो, दोन जिने चढतो, धाप लागत नाही. पण फ्री स्टाईलने पंचवीस मीटर गेलो की छाती फुटेल असं वाटतं. हार्टचं तर काही नसेल ना?"

वय ५८. या वयात दम लागण्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. रक्तदाब पाहिला, कार्डिओग्राम काढला, जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवून स्ट्रेस टेस्टही करून घेतली. सगळे ठीक निघाले. मग एका रविवारी मीच तलावाच्या काठावर जाऊन उभा राहिलो आणि दोन मिनिटांत निदान झाले. पाण्यात तोंड असताना त्यांच्या नाकातोंडातून एकही बुडबुडा येत नव्हता. गृहस्थ श्वास कोंडून पोहत होते.

दम का लागतो?

पुष्कळांना वाटते, ऑक्सिजन कमी पडला की दम लागतो. प्रत्यक्षात श्वास घेण्याची तीव्र इच्छा होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. आपण आत घेतो त्या हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो. बाहेर टाकलेल्या हवेतही तो सुमारे १६ टक्के उरतो. कार्बन डायऑक्साइड मात्र आत घेताना नगण्य आणि बाहेर टाकताना सुमारे ४ टक्के असतो. हा वायू साठू लागला की मेंदूतले श्वसनकेंद्र घंटा वाजवते, "श्वास सोड, नवा घे."

फ्री स्टाईलमध्ये तोंड पाण्याबाहेर येते ते जेमतेम अर्धा-पाऊण सेकंद. एवढ्या वेळात जुनी हवा सोडायची आणि नवी घ्यायची, ही दोन्ही कामे होत नाहीत. जो पाण्यात श्वास कोंडून ठेवतो, तो भरल्या घागरीत पुन्हा पाणी ओतू पाहतो. नवी हवा आत जातच नाही. चार-सहा वेळा असे झाले की जीव घाबरा होतो, माणूस डोके वर काढतो. डोके वर गेले की पाय खाली बुडतात, पाय बुडाले की पुढे सरकायला दुप्पट कष्ट पडतात आणि दम आणखी वाढतो. आमच्या गृहस्थांचे नेमके हेच होत होते.

श्वासाची रीत

पाण्यात तोंड असताना नाकाने व तोंडाने सावकाश, सतत हवा सोडत राहावे. तोंड बाहेर आले की फक्त श्वास घ्यावा आणि तो तोंडानेच घ्यावा. नाकाने घेतल्यास नाकाशी असलेले पाणी आत ओढले जाते आणि ठसका लागतो.

सवय अशी लावावी :

१. कमरेइतक्या पाण्यात काठ धरून उभे राहा. तोंडाने श्वास घ्या, चेहरा पाण्यात बुडवा आणि "हूं" असा आवाज करत बुडबुडे सोडा. असे १५-२० वेळा, घाई न करता करा. पहिले तीन-चार दिवस एवढेच केले तरी चालेल.

२. काठ धरूनच शरीर पाण्यावर आडवे करा, पाय हलवत राहा. श्वासासाठी मान वर न उचलता चेहरा कुशीला वळवा. एक कान आणि एक डोळा पाण्यातच राहिला पाहिजे. पुढे सरकताना डोक्यामुळे पाण्याची लाट उठते आणि गालापाशी थोडा खळगा पडतो. श्वास त्या खळग्यात घ्यायचा असतो.

३. आता हात मारा. उजवीकडे श्वास घेणाऱ्याचा डावा हात पुढे पसरलेला असतो आणि उजवा हात मांडीजवळून पाण्याबाहेर निघत असतो. तेव्हाच खांद्यासोबत चेहरा वळवावा. उजवा हात पुढे पाण्यात शिरण्याआधी चेहरा परत पाण्यात गेलेला असावा.

किती हातांनी श्वास घ्यावा?

दर २ हातांनी की दर ३ हातांनी, यावर तलावावर नेहमी वाद चालतो. साधा हिशेब करा. मिनिटाला ४८ हात मारणारा दर २ हातांनी २४ श्वास घेतो, दर ३ हातांनी फक्त १६. एवढे तर आपण स्वस्थ बसलेले असतानाही घेतो. म्हणून नवशिक्याने आणि पन्नाशी ओलांडलेल्याने दर २ हातांनी श्वास घ्यावा. दर ३ हातांनी घेतल्यास दोन्ही बाजूंना वळणे होते, मान व खांद्यावर एकाच बाजूने ताण येत नाही, हा फायदा आहेच. पण तो दम बसल्यावर. तोवर एक फेरी उजवीकडे आणि परतीची डावीकडे श्वास घेत करावी, तोच फायदा मिळतो.

टीव्हीवर ५० मीटरच्या शर्यतीत पोहणारे जवळजवळ श्वासच घेत नाहीत, असे मुले सांगतात. ते खरे आहे. पण जागतिक दर्जाच्या पुरुषांची ती शर्यत २१-२२ सेकंदांत संपते. त्यांचे अनुकरण आपण करू नये.

ही घंटा बंद करू नका

आता खरी काळजीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी चौदा-पंधरा वर्षांची मुले एका विहिरीत पैज लावत होती, पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो. एकाने काठावर उभे राहून दहा-बारा वेळा जोरजोरात श्वास घेतले-सोडले आणि बुडी मारली. बराच वेळ तो वर आला नाही. मित्रांना वाटले, हा पैज जिंकतोय. शेजारच्या मळ्यातल्या माणसाने उडी टाकून त्याला वर काढले आणि तोंडाने श्वास दिला म्हणून तो वाचला. नंतर तो मला म्हणाला, "डॉक्टरकाका, मला दम लागलाच नाही. झोप लागल्यासारखं झालं."

त्याच्या बोलण्यातच सारे आले. जोरजोरात श्वास सोडल्याने कार्बन डायऑक्साइड धुऊन जातो. ऑक्सिजन मात्र फारसा वाढत नाही, कारण रक्तात तो आधीच जवळजवळ पूर्ण भरलेला असतो. परिणामी घंटा उशिरा वाजते. ती वाजण्याआधीच ऑक्सिजन संपत येतो आणि माणूस पाण्याखाली बेशुद्ध होतो. धडपड नाही, हाक नाही. चांगल्या पोहणाऱ्यालाही हे होऊ शकते. म्हणून बुडी मारण्याआधी भस्त्रिकेसारखा जलद श्वास कधीही करू नये. प्राणायाम, कुंभक हे जमिनीवर, आसनावर बसून करावेत. पाण्याखाली दम धरण्याच्या पैजा घरातल्या मोठ्यांनी बंदच कराव्यात.

कोणी बुडाल्यास

पोहता येत नसेल तर उडी टाकू नका. दोर, बांबू, धोतर, जे हाताशी असेल ते फेका. बाहेर काढलेल्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार करू नयेत, त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालत नसेल तर उताणे निजवून हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने ५ श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी ३० वेळा भराभर व जोराने दाबा, पुन्हा २ श्वास द्या आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवा. दुसऱ्याला १०८ क्रमांक फिरवायला सांगा. रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही बळावू शकतो.

दम्याच्या रुग्णांनी पंप काठावर हाताशी ठेवावा. फिट्स येणाऱ्यांनी एकट्याने पाण्यात उतरू नये. हृदयविकार असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

आमचे निवृत्त गृहस्थ आठ दिवस नुसते बुडबुडे सोडत बसले. तलावावरची पोरे त्यांना हसली. आज ते न थांबता आठ फेऱ्या म्हणजे २०० मीटर पोहतात, आणि हसणाऱ्या पोरांपैकी दोघांना बुडबुडे सोडायला तेच शिकवत आहेत.