एका चमच्यातली दोन मिठं

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात डुकराच्या बरगड्या मागवल्या की आधी विचारतात, ‘ओल्या की सुक्या?’ ओल्या म्हणजे आंबटगोड सॉसने माखलेल्या. सुक्या म्हणजे नुसता कोरडा मसाला चोळलेल्या. या चोळायच्या मसाल्यालाच तिथे ‘रब’ म्हणतात. सुक्या बरगड्यांचं नाव गाजवलं ते चार्ली व्हर्गोस या ग्रीक वंशाच्या गृहस्थांनी. १९४८ मध्ये त्यांनी एका तळघरात ‘राँदेव्हू’ हे उपाहारगृह सुरू केलं आणि ग्रीक घरातला ओरेगानो अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बरगड्यांवर आणला.

घरी कांदा-लसूण मसाला करणाऱ्या मराठी माणसाला हा रब सोपा वाटतो. मलाही वाटला. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, ४ जुलैच्या सुट्टीला बारा माणसं जेवायला येणार होती. कृतीत पाव वाटी ‘चिली पावडर’ होती, ती मी लाल तिखट समजून घातली. मीठ लिहिलं होतं तेवढे चमचे मोजून घातलं, मसाला चोळला आणि बरगड्या रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सहा तास धुरावर शिजलेलं मांस कुणालाही दोन घासांपुढे खाववलं नाही.

चूक मसाल्याच्या नावांत होती. अमेरिकेतली चिली पावडर म्हणजे निव्वळ मिरची नव्हे. मिरची, जिरं, ओरेगानो आणि लसूण यांचं ते मिश्रण असतं, टेक्सासच्या ‘चिली’ नावाच्या मांसाच्या रश्श्यासाठी रूढ झालेलं. आपलं लाल तिखट तिथल्या केयेन मिरचीच्या जवळचं. ते चिमटीने घालायचं.

तरीही तिखट वरवर खरवडून काढता आलं. मिठाचं तसं झालं नाही. मिरची, जिरं, लसणाची पूड रात्रभर ठेवली तरी मांसाच्या पृष्ठभागावरच राहते. मीठ मात्र ओलाव्यात विरघळून आत झिरपतं. आणि कृतीतलं मीठ ‘कोशर’ होतं. ज्यू रिवाजाप्रमाणे मांसातलं रक्त शोषून घ्यायला वापरतात म्हणून त्याला हे नाव. त्यातल्या ‘डायमंड क्रिस्टल’ ब्रँडसारख्या हलक्या, पोकळ खड्यांच्या मिठाचा मोठा चमचा जेमतेम ९-१० ग्रॅम भरतो. आपल्या बारीक मिठाचा तोच चमचा १८ ग्रॅमच्या आसपास जातो. मी चमचे बरोबर मोजले आणि मीठ जवळजवळ दुप्पट पडलं.

म्हणून मीठ वजनावरच घ्यावं, आणि रबमध्ये मिसळूच नये. हाडांसकट १ किलो बरगड्यांना ८ ग्रॅम मीठ आदल्या रात्री लावावं. त्याआधी हाडांच्या बाजूचा पांढरा चिवट पापुद्रा ओढून काढावा. कागदी रुमालाने धरला की निसटत नाही. रब सकाळी. चार भाग पॅप्रिका (कमी तिखट लाल मिरचीची पूड), दोन भाग ब्राऊन शुगर, एकेक भाग लसूण पूड, कांदा पूड आणि मिरी, अर्धा अर्धा भाग जिरं आणि मोहरीची पूड, चवीपुरतं तिखट. मीठ वेगळं असलं की मसाला हवा तेवढा सढळ हाताने लावता येतो.

हा मसाला भाजू नये. ही आपली सवय सोडणं मला जड गेलं, पण विस्तवावर त्याला पुढे पाच-सहा तास काढायचे असतात. आधीच भाजलेली पॅप्रिका तेवढ्यात कडू पडते. साखरेसाठीही आच जपावी लागते. ११० ते १२० अंश सेल्सियसला ती मांसाच्या रसात विरघळून काळपट, चविष्ट खरपुडी धरते. थेट निखाऱ्यावर मात्र करपते. निखाऱ्यावरच भाजायचं असेल तर साखर वगळावी.

कच्च्या मांसाला लागलेला हात मसाल्याच्या बरणीत कधीही घालू नये. लागेल तेवढा रब आधीच वाटीत काढावा आणि वाटीत उरेल तो टाकून द्यावा. माझ्या बरणीवर आता दोनच गोष्टी लिहिलेल्या असतात: केल्याची तारीख आणि ‘मीठ नाही’.