किल्लारीचा भूकंप : भीती आणि बोध

आपत्ती एकच असली तरी तिच्याकडे पाहण्याच्या दृष्टी अनेक असतात. शास्त्रज्ञांच्या लेखी ती निसर्गातील घडामोड असते, प्रशासनाच्या लेखी जबाबदारी, तर आप्त गमावलेल्या कुटुंबाच्या लेखी ती दैवाचा कोप आणि न ओसरणारी धास्ती ठरते. या दृष्टींचा मेळ कसा घालावा, याचा विचार करताना ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाचे स्मरण उपयुक्त ठरते.

गणेश विसर्जनानंतर गावे गाढ झोपेत असताना पहाटे चारच्या सुमारास हा भूकंप झाला. त्याची तीव्रता सुमारे ६.२ होती. लातूर व धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, किल्लारी परिसराला लहान धक्के बसले होते व ग्रामस्थ भयभीत झाले होते. भूकंपाच्या नकाशावर मात्र हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. लहान धक्क्यांनंतर मोठा धक्का येतोच असे नाही, आणि तो कधी येईल हे शास्त्राला आजही सांगता येत नाही. ग्रामस्थांची भीती अनाठायी नव्हती; शास्त्राची मर्यादाही खरी होती.

एवढी मोठी प्राणहानी होण्याचे प्रमुख कारण घरांच्या रचनेत होते. दगडमातीच्या रुंद भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांस जोडणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्याने हे थर सुटले, भिंती फुटल्या आणि माळवदावरील मातीचा प्रचंड भार माणसांवर कोसळला. याउलट, अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही लाकडी खांब व तुळयांचा सांगाडा उभा राहिला.

भूकंपानंतर लोकांच्या मनात दगडाचेच भय बसले. शाबूत घरे असलेली कुटुंबेही उघड्यावर वा पत्र्याच्या निवाऱ्यात झोपू लागली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि अन्यत्र लाखाहून अधिक घरांच्या दुरुस्ती व मजबुतीकरणाचा कार्यक्रम हाती घेण्यात आला. तरीही अनेकांनी जुने घर भक्कम करण्याऐवजी सिमेंटची नवी खोली पसंत केली. अभियंत्यांना दोष बांधणीत दिसत होता. लोकांना तो दगडात दिसत होता. परंतु सदोष बांधणीचे सिमेंटचे घरही सुरक्षित नसते, आणि नीट सांधलेली दगडी भिंत हादरा पुष्कळ अंशी सोसू शकते.

म्हणून लोकांच्या भीतीची अंधश्रद्धा म्हणून उपेक्षा करणे योग्य नाही. तिला योग्य दिशा देणे हेच लोकशिक्षण होय. ग्रामपंचायतीने धक्क्यांची व भेगांची नोंद ठेवून ती तालुक्यास कळवावी. माळवदावरील जादा माती उतरविणे, भिंतीत आरपार दगड बसविणे, खांब व तुळया तिरप्या आधाराने जखडणे, ही कामे गावच्या गवंड्यास व सुतारास शिकविता येण्याजोगी आहेत. शिक्षकांनी त्यामागील कारण मुलांना समजावून द्यावे. अधिकाऱ्यांनी माहीत आहे ते स्पष्ट सांगावे आणि जे सांगता येत नाही तेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. खोटा दिलासा एकदा उघडा पडला की पुढील खऱ्या सूचनेवरही विश्वास राहत नाही.

इ.स. २००२ मध्ये भूकंपप्रवणतेच्या सुधारित नकाशातून सर्वांत कमी धोक्याचा तो पट्टाच वगळण्यात आला. किल्लारीचा हा बोध नकाशापुरता न राहता प्रत्येक नव्या भिंतीत उतरणे आवश्यक आहे.