गच्चीचं पाणी ड्रेनेजला जोडावं का?

प्रश्न : आमच्या सोसायटीत गच्चीवरच्या पावसाच्या पाण्याचा पाइप ड्रेनेजच्या चेंबरला जोडायचा, असं कंत्राटदार म्हणतो. ‘शेवटी सगळं पाणी एकाच ठिकाणी जातं,’ हे त्याचं म्हणणं बरोबर आहे का?
– एका सोसायटीचे सचिव, पुणे

उत्तर : नाही. मैलापाण्याची वाहिनी आणि पावसाळी गटार या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडलं, की वाहिनी तुंबते आणि घाण पाणी तळमजल्यावरच्या संडास-मोरीतून उलटं वर येतं.

काळजी नको, उपाय सोपा आहे. १०० चौरस मीटर गच्चीवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तरी सुमारे १०० लिटर पाणी होतं. ते गाळणीतून शोषखड्ड्यात किंवा बोअरवेलमध्ये मुरवा. जादा पाणी पावसाळी गटारात सोडा. पहिल्या पावसाचं पाणी मात्र वाहून जाऊ द्या, आणि पार्किंगचं तेलकट पाणी बोअरमध्ये कधीच नको.

काम महापालिकेच्या परवानाधारक प्लंबरकडूनच करून घ्या. चेंबर तुंबलं, तर यंत्राची गाडी बोलवा. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला आत उतरवणं जिवावर बेततं आणि २०१३च्या कायद्याने तो गुन्हाही आहे.